बोलूं नका, पाहा

मद्रासमध्ये आम्हाला घर मिळालं ते मी गप्प बसले म्हणून. हे माहेरी सांगितलं तेव्हा आमचे दादा चहा सांडेपर्यंत हसले. सांगलीच्या घरात माझी ख्याती अशी, की ही झोपेतसुद्धा दुसऱ्याला बोलू देत नाही.

त्याचं असं झालं. यांना गुम्मिडिपूंडीच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली. कंपनीची बस अण्णा नगरातून सुटायची, म्हणून आम्ही तिथे बिऱ्हाड शोधत होतो. कुणीतरी म्हणालं, एक निवृत्त तंजावरी मराठी गृहस्थ आहेत, वरचा मजला रिकामा आहे, पण जरा... आणि सांगणाऱ्याने कपाळाशी बोट फिरवलं. मला त्या बोटाचं काही वाटलं नाही. मराठी घरमालक मिळतोय, याचाच आनंद इतका झाला होता! तोवर मला तमिळमधलं 'तण्णी' म्हणजे पाणी, एवढंच येत होतं.

आम्ही गेलो तर गृहस्थ व्हरांड्यात बसलेले. पांढरीशुभ्र लुंगीसारखी वेष्टी, उघडं अंग, आणि डोक्यावर, चक्क घरात, गोऱ्या साहेबांची असायची तसली खाकी सोला हॅट. 

"यावें, बसावें," ते म्हणाले. मी यांच्याकडे पाहिलं. असली मराठी मी फक्त शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात वाचलेली. शब्द आपले, पण शेवट तमिळसारखा लांबवलेला.

"लेंकरें आहेत?"

"नाहीत अजून."

"उत्तम. रेडियो?"

"तोही नाही."

"उत्तम. तर रविवारीं सकाळीं या. पाण्याकडे जाऊं."

"आणि घर कधी दाखवता?" मी विचारलं.

"घर काय अम्मा, भिंती आहेत. भिंती कोठें जातात?"

पाण्याकडे म्हणजे पुलिकतला. मद्रासच्या उत्तरेला समुद्रालगत ते अफाट खारं तळं आहे. पोन्नेरी गाव सोडल्यावर रस्ता त्याच्या काठाला लागतो आणि तळ्याचं पाणी जमिनीत शिरून जो मोठा बाक घेतं, त्या बाकाच्या कडेकडेने जातो. रविवारी आम्ही त्यांच्या जुन्या अँबेसेडरमध्ये बसलो. गाडी चालवायची त्यांची पद्धत अशी, की सायकलवाले मागून येऊन पुढे जात आणि जाताना आत डोकावून बघत. एका वळणाआधी, ताडाच्या झाडांशी, त्यांनी गाडी थांबवली.

"डोळे मिटा. मी सांगेन तेव्हां उघडा. आणि उघडल्यावर बोलूं नका. पाहा."

गाडी वळली, थांबली. "उघडा."

समोर फक्त पाणी. ऐल ना पैल. उथळ पाण्यात दूरवर फ्लेमिंगोंची गुलाबी रांग. खरं सांगते, दृश्य असं होतं की माझ्या तोंडून एरवी अख्खं पुराण बाहेर पडलं असतं. पण मला गाडी लागली होती. पोटात सकाळची इडली वर यायला बघत होती, आणि तोंड उघडलं तर काय बाहेर पडेल याचा भरवसा नव्हता. मी ओठ घट्ट मिटून, डोळ्यांत पाणी आणून समोर बघत राहिले.

त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलवली. घरी पोचल्यावर किल्ल्या माझ्या हातात ठेवल्या. "राव, तुमची पत्नी गंभीर आहे," ते यांना म्हणाले. हे जिना चढेपर्यंत कसेबसे हसू दाबून होते. आमच्याआधी एक बँकेतलं जोडपं याच वळणावर नापास झालं होतं, हे मला नंतर कळलं. बाईंनी डोळे उघडल्याबरोबर "अय्या, किती छान!" म्हटलं होतं.

आम्ही त्यांना मामा म्हणायला लागलो आणि त्यांच्या पत्नीला मामी. मामा सरकारी पाटबंधारे खात्यात होते. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांना पुलिकतच्या काठावरच्या बंगल्यात ठेवलं होतं, टोपी तेव्हाची. गोंगाट त्यांना अजिबात चालायचा नाही. घरात रेडिओ नव्हता. दाराला घंटा नव्हती, यायचं आणि उभं राहायचं. दिवाणखान्यातलं लंबकाचं घड्याळ त्यांनी बंद करून ठेवलं होतं.

"बिघडलंय का?" मी एकदा विचारलं.

"बिघडलें नाहीं. बोलतें फार."

तळ्याच्या रस्त्यावर ते हॉर्न वाजवत नसत. शेळ्या आडव्या आल्या की उतरायचे, टोपी काढायचे आणि शेळ्यांना तमिळमधून विनंती करायचे. शेळ्याही, का कोण जाणे, ऐकायच्या. आमचे हे त्याच शेळ्यांच्या आवाजात "सर, आम्ही सरकतो सर" म्हणायचे आणि मी हसून हसून बेजार व्हायचे, अर्थात मामांच्या पाठीमागे.

रविवार आला की फेरी ठरलेली. कधी मी, कधी हे, कधी दोघंही. नाही म्हणायची सोय नव्हती. परतताना परीक्षा. "राव, काय पाहिलें?" एकदा हे म्हणाले, "पाणी." मामा खूश. "बरोबर. लोक उगाच फार सांगतात." पण मला ते वेगळंच विचारायचे. कंबर कुठे अवघडली? पोन्नेरीच्या आधी की नंतर? ऊन कोणत्या खिडकीतून आलं? पोटात कुठे ढवळलं? आणि मान खाली घालून, फार संकोचून, "स्त्रियांस अडचण होईल असें ठिकाण कोणतें?" मी सांगायचे, आणि पुढच्या रविवारी खरंच गाडी वेगळ्या जागी, सावलीत थांबायची. मला वाटायचं, काय माझी काळजी घेतात हो! बापाने घेतली नसती इतकी.

माझा तो भ्रम मामींनी उतरवला.

मामींचं सोवळं कडक. तंजावरकडे त्याला मडी म्हणतात. सकाळी न्हाल्यापासून दुपारचं जेवण होईपर्यंत त्या कुणाला शिवत नसत, आणि घरच्या विहिरीखेरीज दुसरं पाणी त्यांनी तोंडात घेतलेलं मी पाहिलं नाही. त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआत आणि मी उंबऱ्याबाहेर, असं आमचं बोलणं चाले. बोलायचे मीच. त्या ऐकायच्या, पण काय ऐकायच्या! हातातली भाजी तशीच राहायची.

"कंबर दुखते का म्हणून विचारतात ना तुज?" एक दिवस त्या म्हणाल्या.

"हो. फार काळजी करतात मामा."

"तुझी नव्हे गे. माझी. तुज नेऊन पाहतात, मज सोसेल कीं नाहीं."

मग त्यांनी सगळं सांगितलं. लग्न झालं तेव्हा मामा पुलिकतच्या बंगल्यात होते. सूनबाईला तिकडे पाठवायचं म्हटल्यावर सासूबाईंनी नकार दिला. काठावर कोळ्यांची वस्ती, पाणी खारं, मडी कशी सांभाळायची? मामा वर्षभर एकटेच ते पाणी बघत बसले. परतले तेव्हा बायकोला म्हणाले, तुला एकदा दाखवणारच. सासूबाई गेल्या, पण जाताना मडी मामींच्या पदरात टाकून गेल्या. मामा दर वर्षी विचारायचे आणि मामी दर वर्षी नको म्हणायच्या.

"का पण?" मी म्हटलं. "पाणी भरून नेता येईल की."

मामी भाजी निवडायला लागल्या. "पाहूं," एवढंच म्हणाल्या.

त्यातून मामींच्या हृदयाची एक झडप कुरकुरायला लागलेली. डॉक्टरांनी मामांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, दगदग नको, आणि करायचं असेल ते लांबणीवर टाकू नका. हे मला मामांनीच जिन्यात सांगितलं. हॅट हातात धरून, कडा बोटांनी फिरवत. "अम्मा, ती आली नाहीं तर मी इतके दिवस कोणासाठीं रस्ता पाठ केला?" या माणसाची आम्ही वरच्या मजल्यावर नक्कल करत होतो.

मग संक्रांत आली. मद्रासमधली माझी पहिली संक्रांत, आणि मी हळदीकुंकू करायचं ठरवलं. मामांना विचारलं असतं तर नाही म्हणाले असते, म्हणून विचारलंच नाही. गल्लीतल्या झाडून सगळ्या बायकांना बोलावलं. तमिळ, तेलुगू, एक गुजराती, पोरंबाळं कडेवर. तिळगुळ काय, कशासाठी, हे मी हातवारे करून सांगत होते आणि त्या खो खो हसत होत्या. खाली मामा कानांत बोटं घालून बागेच्या टोकाला जाऊन बसले होते.

संध्याकाळ असल्याने मामींचं सोवळं सुटलं होतं. त्या वर आल्या, कोपऱ्यात बसल्या आणि उठेचनात. सगळ्या बायका गेल्या तरी बसलेल्या. कुणाचं तरी पोर त्यांच्या नऊवारीचा काठ चघळून गेलं होतं, तो ओला काठ त्या हातात धरून होत्या.

"मजा आली ना मामी?"

"बरें वाटलें," त्या म्हणाल्या. आणि जिना उतरता उतरता थांबल्या. "ह्यांस सांग, मी पाण्याकडे येत्यें. तूंही बरोबर ये. बोलायास कोणी हवें."

मामांना सांगितलं तर ते खुर्चीतून उठले, परत बसले, परत उठले. "उद्यां! उद्यांच जाऊं!"

"उद्या किंक्रांत," आतून मामी म्हणाल्या. आता आपल्याकडे कोण किंक्रांतीला घराबाहेर पडतं? मीही मान डोलावली. मग परवा. परवाचा दिवस निर्दोष. यांना पोंगलची सुट्टी होतीच. दृष्ट लागू नये म्हणून कुणाला सांगायचं नाही, असंही ठरलं, आणि तिथेच आमचा घात झाला. गल्लीतल्या कुठल्याही शेंबड्या पोराने सांगितलं असतं की परवा काय आहे.

किंक्रांतीचा अख्खा दिवस मामा गाडी सोवळ्यात घेत होते. विहिरीच्या पाण्याने आतून बाहेरून धुतली. मागच्या सीटवर धाबळी अंथरली, कारण लोकरीला विटाळ नाही. पाण्याची तांब्याची कळशी दोरीने बांधली. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी स्वतः रेशमी मुकटा नेसून, खांद्यावर उपरणं आणि डोक्यावर सोला हॅट, अशा थाटात ते स्टिअरिंगवर बसले. मागे धाबळीवर मामी एकट्या. पुढच्या लांब सीटवर आम्ही तिघं. मामाही सोवळ्यात, त्यांना माझा धक्का लागता कामा नये, म्हणून मी यांच्या अंगावर आणि हे दाराबाहेर निम्मे लटकलेले.

"जरा सरक की," हे म्हणाले.

"कुठे सरकू? मामांच्या मांडीवर?"

मागून मामी खुदकन हसल्या. मामांनी आरशात पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मला बघवेना.

पोन्नेरीच्या अलीकडेच बैलगाड्या लागल्या. बैलांची शिंगं लाल-निळी रंगवलेली, गळ्यात फुगे. मग लॉऱ्या, खच्चून माणसं भरलेल्या. ट्रॅक्टर. सायकलवर आई, बाप, दोन मुलं आणि ऊस. सगळे आमच्याच दिशेला.

"आज काय आहे हो?" मी विचारलं.

मामांनी गाडी हळू केली. मग कपाळावर हात मारला, तो टोपीच्या कडेवर बसला. "काणुम! अय्यो, आज काणुम पोंगल!"

संक्रांतीपासूनचा तिसरा दिवस. त्या दिवशी सगळं मद्रास आणि आसपासची सगळी खेडी डबे बांधून पाण्याच्या काठी जातात. मामा त्या दिवशी दरवर्षी दारं-खिडक्या लावून घरात बसत. पण मामी हो म्हणाल्या या आनंदात त्यांच्या डोक्यात फक्त किंक्रांत राहिली, आणि आम्ही दोघं सांगलीचे, आम्हाला किंक्रांतीच्या पुढे काही ठाऊकच नव्हतं.

"मागें फिरूं," मामा म्हणाले. पण मागे पाहतो तर बैलगाड्यांची रांग क्षितिजापर्यंत. फिरायचं कुठे?

ताडाच्या झाडांशी गाडी आली तेव्हा मला वाटलं, आता ते काही म्हणणार नाहीत. पण त्यांनी थांबवली.

"डोळे मीट," ते मामींना म्हणाले.

मामींनी मिटले. गाडी वळली. लाउडस्पीकर किंचाळत होता. हाताने फिरवायचा पाळणा करकरत होता. फुगेवाले, कलिंगडवाले, पिपाण्या, पाण्यात गुडघ्यापर्यंत उतरलेली पोरं, कलंडतील इतक्या भरलेल्या होड्या. फ्लेमिंगो बिचारे कुठल्या कुठे गेले होते. पाणी दिसत होतं, पण माणसांच्या फटींतून.

"उघड," मामा म्हणाले, इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. टोपी खाली पडली. "चुकलें माझें. सगळें नासलें. तुज असें दाखवायाचें नव्हतें गे."

मीसुद्धा गप्प होते, आणि यावेळी पोट ठीक होतं.

मागचं दार उघडल्याचा आवाज आला. वळून पाहते तर धाबळी रिकामी. मामी अनवाणी वाळूतून चालल्या होत्या. शेजारीच एका कुटुंबाने चटया अंथरल्या होत्या. त्यातली एक म्हातारी, पांढऱ्या केसांत झेंडू खोचलेला, मामींकडे बघून म्हणाली, "वांगो अम्मा, उक्कारुंगो." या, बसा. आणि मामी बसल्या! त्या चटईवर, त्या सगळ्यांच्या मधोमध, मडीत! म्हातारीने उसाचं कांडं पुढे केलं. मामींनी ते घेतलं आणि मामांकडे बघून मोठ्यांदा सांगितलं, "उसास विटाळ नसतो." हे शास्त्र त्यांनी तिथल्या तिथे केलं असावं. कुणीतरी एक तान्हं पोर त्यांच्या मांडीत ठेवलं, त्याने त्यांच्या नथीला हात घातला, आणि मामी इतक्या हसल्या की आम्हाला त्यांच्या झडपेची काळजी वाटायला लागली.

मामा जवळ जाऊन उभे राहिले. मुकटा सावरत, शाळेत उशिरा पोचलेल्या मुलासारखे.

"तुज पाणी दाखवायाचें होतें," ते म्हणाले.

"पाहिलें. चांगलें आहे."

"येथें एऱ्हवीं कोणी नसतें. इतकें शांत असतें—"

"तेंच," मामी म्हणाल्या. पोराच्या मुठीतून नथ सोडवत, अगदी साध्या आवाजात. "तुम्ही दरवर्षीं तेंच सांगत आलां. तेथें कोणी नसतें, कोणी बोलत नाहीं. तें मी घरीं पाहत्यें. त्यासाठीं गाडींत कशास बसूं?"

मामा चटईच्या कडेला, वाळूत, रेशमी मुकट्यासकट बसले. म्हातारीने त्यांनाही ऊस दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं ते त्यांनी पुसलंही नाही. मला तर आवरेना. हे मला कोपराने ढोसत होते आणि स्वतःच नाक पुसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली गेले तर लंबकाचं घड्याळ चालू होतं.

पुढे आम्हाला मुलगी झाली आणि ती दुपारभर मामींच्या उंबऱ्यावर रांगायची. मामींनी उंबऱ्याची हद्द बरीच मागे नेली होती. यांची बदली होईपर्यंत दरवर्षी काणुमला आम्ही पुलिकतला गेलो. सोवळ्याची गाडी वगैरे नाही, धाबळी फक्त गार वारा लागू नये म्हणून. मामा कानांत कापसाचे बोळे घालून यायचे, पण यायचे. आमच्यानंतर वरच्या मजल्यावर जे बिऱ्हाड आलं त्यांना म्हणे मुलं किती ते आधी विचारलं, आणि बरीच आहेत कळल्यावर जागा दिली.

खूप वर्षांनी पोंगलच्या सुमारास मी एकटीच मद्रासला गेले. मामी राहिल्या नव्हत्या. वर मुलं धावत होती, छत दणाणत होतं, घड्याळ टोले देत होतं. मामा थकले होते. गाडी आता भाड्याचा ड्रायव्हर चालवायचा. "अम्मा, उद्यां काणुम," ते म्हणाले. "येणार?"

वळणावर आलो तेव्हा तीच जत्रा, तोच कर्कश लाउडस्पीकर. मामांनी कानांत कापूस घातला नव्हता. मागच्या सीटवर घडी घातलेली धाबळी होती. मी जुन्या सवयीने ओठ मिटून पाण्याकडे बघत बसले.

मामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि या वेळी स्वतःच डोळे मिटले.

"बोला, अम्मा," ते म्हणाले.

"काय बोलू मामा?"

"कांहींही. ती येथें आली कीं थांबत नसे."

मला आधी हुंदकाच आला. मग मी बोलायला लागले. मुलीच्या शाळेबद्दल, सांगलीच्या दादांबद्दल, यांच्या गुडघ्यांबद्दल, उसाबद्दल, त्या म्हातारीच्या केसांतल्या झेंडूबद्दल. मी दम घ्यायला थांबले की ते डोळे न उघडता हात हलवायचे, पुढे, पुढे.